वाचकांचे प्रश्न : संसर्गरोगांचा डॉक्टर घडतो कुठे, घडायला हवा कसा?

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर गेल्या अंकात लेख आला. त्यावर आलेली बरीचशी पत्रं औषधांपेक्षा माणसांबद्दल आहेत. हे जंतू हाताळणारे डॉक्टर कुठे तयार होतात, त्या वाटेला कोणी जावं, पुढच्या काळात काय बदलेल, असं वाचकांनी विचारलं आहे. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. प्रयोगशाळेत काम करणारे आणि वॉर्डात रुग्ण पाहणारे, अशा दोघांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : मुलीला नीट-पीजीच्या गुणांवर एमडी मायक्रोबायॉलॉजी मिळतंय. नातेवाईक म्हणतात, ही बिनपेशंटची शाखा आहे, पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. काय करावं? (पालक, सातारा)

उत्तर : नातेवाईक म्हणतात ते अगदीच निराधार नाही. काउन्सेलिंगच्या फेऱ्या संपल्या तरी या शाखेच्या जागा मागे उरतात. २०२३मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणावा लागला होता. पण आमचं सांगणं आहे की शाखेच्या आधी कॉलेज बघा. एमडी मायक्रोबायॉलॉजी या एकाच पदवीखाली दोन अगदी वेगळी प्रशिक्षणं चालतात. एका ठिकाणी रेसिडेंट तीन वर्षं टेबलापाशी बसून रिपोर्ट लिहितो. दुसऱ्या ठिकाणी तोच रेसिडेंट आयसीयूच्या राउंडला उभा असतो आणि औषध बदलायचं का, हे डॉक्टर त्याला विचारतात.

मुलीला त्या कॉलेजात एकदा पाठवा. प्राध्यापकांना भेटण्याआधी तिनं दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठावं. रात्री दोनला ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही चाचणी) पॉझिटिव्ह झालं तर कोण बघतं? दिवसाला ब्लड कल्चर किती येतात? संसर्गनियंत्रणाच्या राउंडला रेसिडेंट जातात का? टीबीचं कल्चर आणि विषाणूंची प्रयोगशाळा याच विभागाकडे आहे का? पहिल्या प्रश्नाला 'सकाळी बघतो' असं उत्तर आलं, तर त्या विभागात रुग्ण खरोखरच दूर आहे असं समजा. चारही उत्तरं समाधानकारक असतील तर जागा सोडू नका. मात्र स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहायचं, रोज ओपीडी करायची, हीच तिची ओढ असेल तर तिनं मेडिसिन किंवा बालरोग करून पुढे संसर्गरोगात डीएम (एमडीनंतरची विशेष पदवी) करावं. त्या वाटेबद्दल पुढे लिहिलं आहे.

प्रश्न : मी एमडी मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवसभर प्लेट वाचतो, रिपोर्ट टाकतो. वॉर्डात जायची वेळच येत नाही. तीन वर्षांत नेमकं काय शिकलं तर पुढे उपयोगी पडेल? (रेसिडेंट, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सगळ्या पत्रांत हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबलं आहे.

एक बाटली घेऊ. पहाटे पाचला मशीननं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह दाखवलं. थेंब काढून ग्रॅम स्टेन केला, तर जांभळे गोल जंतू, द्राक्षाच्या घोसासारखे. बहुतेक ठिकाणी रेसिडेंट इथे सबकल्चर लावतो आणि उद्याची वाट पाहतो. खरं तर त्याचं डॉक्टर म्हणून काम इथूनच सुरू होतं. किती बाटल्या आल्या होत्या, त्यातल्या किती पॉझिटिव्ह झाल्या आणि किती तासांनी? चारपैकी एकाच बाटलीत तीस तासांनी काही उगवलं असेल, तर ते बहुधा त्वचेवरचं आहे. चारही बाटल्या बारा-चौदा तासांत बोलल्या, तर तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस असण्याची शक्यता मोठी. मग फोन उचला. रुग्णाला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे का, हृदयात कृत्रिम झडप आहे का, ताप कधीपासून आहे, अँटिबायोटिक कोणतं सुरू आहे, हे विचारा. फोनची वेळ, पलीकडच्या डॉक्टरचं नाव आणि त्यांनी निरोप परत म्हणून दाखवला का, हे रजिस्टरमध्ये लिहा. बाटलीतल्याच द्रवावर ट्यूब कोअ‍ॅग्युलेज लावली तर तो ऑरियस आहे का याचा पहिला अंदाज चार तासांत मिळतो.

ऑरियस निघाला तर रिपोर्ट टाकून मोकळं होता येत नाही. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी पुन्हा घ्यायला सांगावं लागतं आणि हृदयाची इको करायला सांगावी लागते. जंतू मेथिसिलिनला दाद देणारा असेल तर व्हॅन्कोमायसिन थांबवून सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन द्या, हेही सांगावं लागतं, कारण अशा जंतूवर व्हॅन्कोमायसिन कमी पडतं. कुठलीही गुंतागुंत नसली तरी उपचार किमान चौदा दिवसांचे, आणि दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून. हे सगळं ज्याला येतं त्याला वॉर्डातून आपणहून बोलावणं येतं.

आता बाटलीच्या अलीकडे चला. प्रौढ माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, आणि दोन वेगळ्या जागांहून दोन संच, म्हणजे चार बाटल्या. प्रत्यक्षात पुष्कळदा एकच बाटली येते आणि तीत तीन मिली रक्त असतं. तापाच्या रुग्णाच्या रक्तात एका मिलीला एखादाच जंतू असू शकतो. त्यामुळे रक्त कमी पडलं की रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि डॉक्टरांचा कल्चरवरचा विश्वास उडतो. हे मोजणं सोपं आहे. रक्त न भरलेल्या वीस बाटल्यांचं सरासरी वजन काढा. महिनाभर येणारी प्रत्येक बाटली तराजूवर ठेवा आणि ते वजन वजा करा. एक मिली रक्त साधारण १.०६ ग्रॅम भरतं. वॉर्डवार आकडे सिस्टर इन्चार्जना दाखवा, कोणाला दोष न देता. त्वचा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलनं पुसून तीस सेकंद वाळू दिली का आणि बाटलीचं रबर वेगळ्या स्वॅबनं पुसलं का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. दूषित कल्चरचं प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली असायला हवं. ते वर गेलं तर कारण बहुधा वाळू न दिलेल्या त्वचेत सापडतं. अशी फेरी एकदा स्वतः केली की वॉर्ड अनोळखी राहत नाही.

२०२१च्या म्युकरच्या लाटेत महाराष्ट्रानं वॉर्ड आणि प्रयोगशाळेतला हाच दुवा तुटल्याची किंमत मोजली. सायनसमधून काढलेला तुकडा सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला की त्याचं कल्चर कायमचं गेलं. तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये यायला हवा. तो आला तरी प्रयोगशाळेत नेहमीसारखा खलात घोटला तर बुरशीचे रुंद, पडदे नसलेले धागे फुटतात आणि उगवत नाहीत. ब्लेडनं बारीक कापून तुकडे थेट आगारवर (जंतू वाढवायच्या घट्ट थरावर) टोचायचे असतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या स्लाइडवर धागे रिबिनीसारखे दिसले की लगेच सर्जनला फोन करायचा, कल्चरची वाट पाहायची नाही. ही चूक थिएटरमध्येही होते आणि खलातही होते. दोन्ही जागा पाहिलेला माणूसच ती पकडू शकतो.

तीन वर्षांचं नियोजन असं करा. पहिल्या वर्षी हात पक्का करा : जंतूंचं ०.५ मॅकफर्लंडचं (ठरावीक गढूळपणाचं) द्रावण, पंधरा मिनिटांच्या आत प्लेटवर, म्युलर-हिंटन आगार चार मिलिमीटर जाड. आगार जाड झालं की औषधाच्या डिस्कभोवतीचं, जंतू न वाढलेलं वर्तुळ लहान दिसतं आणि चांगलं औषध 'रेझिस्टंट' ठरतं. कोलिस्टिनची डिस्क लावू नका. तो रेणू मोठा आहे, आगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषध टप्प्याटप्प्यानं पातळ करून तपासणं) करावं लागतं. ऑरियससाठी व्हॅन्कोमायसिनची डिस्कही अशीच फसवते. दुसऱ्या वर्षापासून विभागप्रमुखांना विनंती करून रोज एक तास आयसीयूचा राउंड मागून घ्या. अभ्यासक्रमात क्लिनिकल पोस्टिंग आहेच, ते कागदावर राहू देऊ नका. तीन महिन्यांचा डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचा काळ रजा समजून घालवू नका. जिल्हा रुग्णालयात आता एकात्मिक प्रयोगशाळा उभ्या राहत आहेत आणि तिथे कल्चर सुरू करून देणारा हात हवा आहे.

आमचं स्पष्ट मत असं आहे की एमडी मायक्रोबायॉलॉजीच्या तीन वर्षांतले सलग सहा महिने वॉर्डात आणि संसर्गरोगाच्या डीएममधले सलग सहा महिने प्रयोगशाळेत, असं बंधन हवं. परीक्षेतही बेडवरची केस दोघांनाही हवी. आज एमडीच्या परीक्षेत अनोळखी जंतू ओळखायला देतात, पण त्या जंतूचा रुग्ण कोणी दाखवत नाही.

प्रश्न : एमडी मेडिसिन करतोय. संसर्गरोगात डीएम करावं का? प्रवेश कसा होतो? (रेसिडेंट, नागपूर)

उत्तर : डीएम तीन वर्षांचं आहे. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी ही जाणती केंद्रं. एम्स आणि पीजीआयसाठी आयएनआय-एसएस ही परीक्षा, बाकीच्या जागांसाठी नीट-एसएस. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची फेलोशिपही आजवर अनेकांनी केली आहे. कोणत्या एमडीनंतर अर्ज करता येतो, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यात बघा. जुन्या बॅचच्या सांगण्यावर विसंबू नका.

करावं का? हो. पण आजपासून एक सवय लावा. आपल्या रुग्णाची प्लेट स्वतः जाऊन बघा. मेडिसिनच्या डॉक्टरांची एक चूक वारंवार दिसते. रिपोर्टवर एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे, आकडे असतात आणि त्यातला सर्वांत लहान आकडा पाहून औषध निवडलं जातं. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते. लघवीतल्या ई. कोलायला नायट्रोफ्युरँटॉइनची एमआयसी ३२ आली तरी ते चालतं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची ४ आली तरी ते चालत नाही. वर नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयात काम करतं, रक्तात उतरलेल्या संसर्गाला नाही. हे प्लेटपाशी उभं राहून एकदा समजलं की विसरत नाही.

प्रश्न : पुण्यात एमडी मायक्रोबायॉलॉजी झालं. इंग्लंडमध्ये दोन्ही शाखा एकत्र शिकवतात असं ऐकलं. तिथे काय वेगळं आहे, मला जाता येईल का? (डॉक्टर, पुणे)

उत्तर : तिथे २०१५च्या सुमारास 'एकत्रित संसर्ग प्रशिक्षण' सुरू झालं. संसर्गरोग, वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र, विषाणुशास्त्र आणि उष्णकटिबंधीय वैद्यक या चारही वाटांचे प्रशिक्षणार्थी आधी मेडिसिनची पायाभरणी करतात, मग दोन वर्षं एकत्र शिकतात आणि त्यानंतर फुटतात. संसर्गरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र अशी दुहेरी पात्रताही घेता येते. यामागे प्रयोगशाळांचं केंद्रीकरण आहे. २०१७मध्ये तिथल्या आरोग्यसेवेनं इंग्लंडमधल्या प्रयोगशाळा २९ जाळ्यांत गुंफायची योजना जाहीर केली. प्लेट तीस मैलांवरच्या मोठ्या केंद्रात गेली आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ रुग्णालयातच राहिला. त्याचं काम सल्ला देणं हेच झालं, तेव्हा त्याला मेडिसिन यायलाच हवं.

यात दुखणंही आहे. मेडिसिनच्या ड्यूट्या संसर्गाच्या शिक्षणाचा वेळ खातात आणि दुहेरी वाटेवरच्या माणसाचा प्रयोगशाळेतला हात कच्चा राहण्याची भीती असते. आपल्याकडे अगदी उलट आजार आहे, म्हणून त्यांची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही.

तुमच्यापुरतं बोलायचं तर एफआरसीपॅथ ही तिथल्या पॅथॉलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीसाठी ग्राह्य धरली जाते. ती पूर्ण केली तर प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली पात्रता परीक्षा) द्यावी लागत नाही. पहिला भाग भारतात काम करता करता तयार करता येतो. दुसऱ्या भागासाठी वॉर्डातल्या सल्ल्याचा अनुभव लागतोच, आणि तो इथे कमी मिळतो. इथूनच रोजच्या सल्ल्यांची तारीखवार नोंदवही ठेवायला लागा : प्रश्न काय होता, काय सांगितलं, रुग्णाचं पुढे काय झालं. प्रशिक्षणाच्या जागेशिवाय पोर्टफोलिओच्या मार्गानं विशेषज्ञ नोंदणी मागायची असेल, तर हीच वही कामी येते.

प्रश्न : एमएससी मेडिकल मायक्रोबायॉलॉजी आहे. या क्षेत्रात आम्हाला जागा आहे की नाही? (कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि वाढते आहे. फक्त वाट ओळखून चाला. रिपोर्टवर वैद्यकीय मत देणं हे नोंदणीकृत डॉक्टरचं काम आहे. त्या सहीच्या मागे धावण्यात वर्षं घालवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या संशोधन संस्था, विषाणू प्रयोगशाळांचं जाळं, टीबीच्या संदर्भ प्रयोगशाळा आणि निदान संच बनवणारे कारखाने इथे तुमची गरज आहे. टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये मान्य केलेली ट्रूनॅट चाचणी गोव्यातल्या कंपनीची आहे, हे लक्षात असू द्या. पीएचडी केली तर अमेरिकेत क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजीची दोन वर्षांची फेलोशिप बिगरडॉक्टरांनाही खुली आहे. आता लगेच शिकायचं असेल तर आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे गुणवत्तेची कागदपत्रं लिहायला आणि जनुकक्रमाच्या फाइली वाचायला शिका.

प्रश्न : आमचं ट्रस्टचं ८० खाटांचं रुग्णालय आहे. संसर्गरोगतज्ज्ञ परवडणार नाही. तरी काही करता येईल? (विश्वस्त, सांगली)

उत्तर : पूर्णवेळ माणूस लागत नाही. आजूबाजूच्या तीन-चार रुग्णालयांनी मिळून एक तज्ज्ञ ठरवावा, आठवड्यातून दोन राउंड आणि बाकी दिवस फोन. एका सिस्टरला संसर्गनियंत्रणाचे ठरावीक तास द्या आणि त्या तासांत तिला वॉर्डात ओढू नका. सुरुवात फक्त आयसीयूपासून करा. पहिला डोस देण्याआधी कल्चर घेतलं गेलं का आणि ४८ ते ७२ तासांनी डॉक्टरांनी औषध चालू ठेवणं, बदलणं की थांबवणं याची नोंद केसपेपरवर केली का, एवढंच महिनाभर मोजा. कोलिस्टिन, टायजेसायक्लिन, लिनेझोलिड आणि कार्बापेनेम ही औषधं वरिष्ठाच्या सहीशिवाय २४ तासांपुढे जाणार नाहीत, असा नियम करा.

वर्षातून एकदा आपल्या रुग्णालयाचा अँटिबायोग्राम (कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं, याचा तक्ता) काढा. प्रत्येक रुग्णाचा पहिलाच जंतू धरा, नाहीतर एकाच आजारी माणसाची दहा कल्चर सगळा तक्ता वाकडा करतात. एका जातीचे तीसपेक्षा कमी जंतू असतील तर टक्केवारी छापू नका. ८० खाटांना तीस भरणार नाहीत, तेव्हा दोन वर्षांचे आकडे एकत्र करा. एक खर्च आजच थांबवता येईल. लघवीच्या नळीचं टोक कल्चरला पाठवू नका आणि पिशवीतली लघवीही नको. तक्रार नसलेल्या माणसाच्या लघवीत जंतू दिसले, तर गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणारे रुग्ण सोडून सहसा औषध लागत नाही.

प्रश्न : मशीन दहा मिनिटांत जंतूचं नाव सांगतं. मग या शाखेत शिकण्यासारखं उरेल काय? (एमबीबीएस विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तुम्ही मालडी-टॉफबद्दल विचारता आहात. कॉलनीचा ठिपका धातूच्या पट्टीवर फासतात, वर एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स टाकतात, वाळला की लेझर मारतात. मशीन मुख्यतः रायबोसोममधल्या प्रथिनांची वजनं जुळवून नाव देतं. याआधी कॉलनी वाढलेली हवी, म्हणजे आदल्या दिवशीचं काम माणसाचंच. नाव मिळालं तरी कोणतं औषध चालेल हे नेहमीच्या वापरात ते सांगत नाही. जनुकीय चाचण्याही मेलेल्या जंतूचा डीएनए पकडतात. टीबीचा उपचार लागू पडतोय का हे त्यावरून ठरवलं, तर बऱ्या होत आलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणून घाबरवाल.

आणि मशीन चुकतं, तेही ठरावीक ठिकाणी. न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकॉकस आणि तोंडातले मायटिस गटाचे निरुपद्रवी जंतू त्याला सारखेच वाटतात. तिथे ऑप्टोचिनची डिस्क आणि पित्तक्षारात विरघळण्याची चाचणीच लावावी लागते. शिगेला आणि ई. कोलाय यांची वजनं इतकी जवळची आहेत की रक्ताची हगवण असलेल्या मुलाच्या शौचाचा रिपोर्ट 'ई. कोलाय' असा येऊ शकतो. म्हणून मॅककाँकी आगारवर फिकट कॉलनी दिसली की मशीनच्या नावावर न थांबता मोटिलिटीची (जंतू हलतो का ते दाखवणारी) नळी लावायची आणि स्लाइडवर शिगेलाचं सिरम मिसळून गुठळ्या होतात का ते बघायचं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ही नळी तुमच्या हातात येईल तेव्हा ती नीट भरायला शिकून घ्या.